रेंगाळलेले निरोप

शाल्मलीताईच्या अंगात ताकद होती. तिने हात दाबला की मृण्मयीची बोटं दुखत. तरीही ताई पाण्याचा पेला घ्यायला गेली की तिचा हात पेल्याच्या पुढे निघून जाई आणि परत येताना पेला कलंडे. डोळे मिटल्यावर तर आपला पाय कुठे आहे, हेही तिला सांगता येईना. गेल्या महिन्यापर्यंत हीच ताई दोरीच्या मल्लखांबावर सहज आसनं करत होती. मध्ये फक्त तिचं पोट बिघडलं होतं.

"ताकद आहे, मग ताबा का नाही?" मृण्मयीने डॉ. फिरदौस मुजावर यांना विचारलं.

मिरजेच्या त्या रुग्णालयात शरीराच्या आतलं मोठं करून दाखवणारा नवा चित्रकक्ष सुरू झाला होता. डॉक्टरांनी ताईच्या दंडावर पट्टा बांधला आणि दिवे मालवले. ताईच्या हातातला एक चेतातंतू (संदेश वाहून नेणारा धागा) खोलीभर उजळला, बोगद्याएवढा मोठा. त्यातून निळे ठिपके धावत होते. मृण्मयी श्वास रोखून पाहत राहिली.

"हे ताईच्या बोटांचे निरोप," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही इथे आहोत, एवढी वाकलो आहोत, असे. ते अनुमस्तिष्काकडे (हालचाली जुळवणारा मेंदूचा भाग) जातात."

"पण मध्येच ते रेंगाळतायत," मृण्मयी म्हणाली.

"तिथलं मायलिन (तंतूवरचं चरबीचं वेष्टन) उसवलंय. पोटातल्या जंतूंशी लढायला शरीराने प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी प्रथिनं) बनवली. जंतूंचं वरचं रूप या वेष्टनासारखंच होतं, म्हणून प्रतिपिंडांची गल्लत झाली आणि ती वेष्टनावरच तुटून पडली. आता निरोप पोचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो."

"म्हणजे माझंच शरीर माझ्यावर उठलंय?" ताईने हळूच विचारलं.

"तुला वाचवायलाच निघालं होतं ते. चुकलेली प्रतिपिंडं आपण रक्तातून गाळून काढू."

उपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी ताई मृण्मयीच्या खांद्याला धरून पुन्हा त्या कक्षात आली. डॉक्टरांनी मधल्या काळात तंतूत झालेले बदल भरभर दाखवले. उघड्या तंतूभोवती एक पेशी स्वतःला गुंडाळत होती, वेढ्यावर वेढा. तिथे आलेला ठिपका आता सुसाट पुढे जाई.

"किती वेढे घ्यायचे, हे तिला कोण सांगतं?" मृण्मयीने विचारलं.

"तंतूकडून काही खुणा मिळतात. पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही." डॉक्टर दिवे लावायला वळल्या.

"थोडं थांबा ना," ताई म्हणाली.

मृण्मयीने मान वळवली. त्या अंधूक खोलीत ताई तिचा खांदा सोडून वर पाहत उभी होती, आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते.