पोटरीसाठी उतरले

साताऱ्याच्या स्टँडवर डबा बाकावरच राहिला, हे मला कळलं तेव्हा सांगलीची गाडी फाटकाबाहेर पडत होती. पण माझ्याआधी ते दुसऱ्याच कुणाला तरी कळलं होतं.

खिडकीबाहेर एक उंच, सावळा मुलगा गाडीबरोबर धावत होता. हातात माझा डबा. कंडक्टरने बेल मारली, गाडी थांबली आणि त्याने डबा खिडकीतून आत दिला. श्रावणातली भुरभुर त्याच्या पापण्यांवर अडकली होती.

"वांग्याची भाजी हाय," तो म्हणाला. "वास सांगतोय."

तो हसला... आणि हसता हसताच खाली बसला, उजवी पोटरी दोन्ही हातांनी धरून.

"गोळा आला असंल," कंडक्टर म्हणाला. "चला."

गोळा आला की माणूस पाय ताणतो, चोळतो. हा नुसता वाट बघत बसला होता, रोजचंच असल्यासारखा. शिवाय चपलेतलं उजवं पाऊल डाव्यापेक्षा फिकं दिसत होतं. मी गाडीतून उतरले.

"डब्यासाठी मी पळालो," त्याने मान वर केली. "तुमी कशासाठी उतरला?"

"पोटरीसाठी."

पुढची गाडी अर्ध्या तासाने होती. तेवढ्यात कळलं ते असं : नाव बिरदेव, गाव वडूजजवळ, साताऱ्यात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटरमध्ये तिसऱ्या फेरीला पोटरी दगडासारखी होते. दोन मिनिटं थांबलं की काहीच नाही. दोन भरत्या अशाच गेल्या. एक्सरे नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. मैदानावर सगळे त्याला 'नाटकी' म्हणत.

"तपासताना दुखत होतं?"

"झोपल्यावर कुठलं दुखतंय? झोपल्यावर माझा पाय लय शहाणा असतोय."

त्या एका वाक्याने मला सांगलीपर्यंत डोळा लागू दिला नाही.

सांगलीत माधवनगर रोडवरच्या स्कॅन सेंटरमध्ये मी सीटीचं यंत्र चालवते; रविवारी साताऱ्यात घरी, सोमवारी परत. निदान करणं माझं काम नाही. ते संयोगिता मॅडमचं. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ पेन फिरवत बसल्या.

"क्वचित दिसतं हे, प्रांजल. गुडघ्यामागची धमनी चुकीच्या वाटेने जाते. पंजावर जोर आला की पोटरीचा स्नायू तिला दाबतो. आडवा झाला की सगळं सरळ. बोलाव त्याला. दोनदा स्कॅन करू. एकदा पाय सैल, एकदा पंजा दाबून."

शुक्रवारी बिरदेव आला तो वडिलांना घेऊन. जोतीरामदादा खुर्चीच्या कडेवर बसले.

"आवं ताई, आमी मेंढरांमागं कोकणापतूर चालत गेलोय. आन ह्याला चार फेऱ्या जमंनात. आता मशिनीत बी काय न्हाई निघालं तर भरती बंद. मेंढरं हायतच."

बिरदेवने माझ्याकडे पाहिलं. मग धमन्या उजळवणाऱ्या औषधाच्या सुईसाठी बाही वर केली.

मी त्याच्या पंजाशी फळी बांधली. "मी 'सोडा' म्हणेपर्यंत दाबून धरायचं. हलायचं नाही."

"तुमी म्हणशिला तवर? म्हंजे जलमभर बी..."

"पाऊण मिनिट."

"एवढंच व्हय..." त्याने खोटा सुस्कारा सोडला.

पहिल्या स्कॅनमध्ये दोन्ही पायांच्या धमन्या पांढऱ्या, सुबक रेघांसारख्या आल्या. दुसऱ्यात उजव्या गुडघ्यामागे रेघ बारीक झाली... आणि संपली. तिथून खाली काहीच नव्हतं.

मी पडद्याकडे बघत राहिले. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "मिळालं," त्या म्हणाल्या. मग काचेपलीकडे बघत हळूच विचारलं, "प्रांजल, त्याला सोडायला सांगितलंस?"

मी विसरले होते. पाऊण मिनिट कधीच उलटलं होतं आणि तो घामाने निथळत फळी दाबून होता. मी धावत आत गेले.

"सोडायचं ना मग!"

"तुमी म्हणला न्हाई," तो दातओठ खात म्हणाला.

मॅडमनी जोतीरामदादांना दोन्ही चित्रं दाखवली. दादांनी तुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"पायपावर पाय पडल्यागत झालंय हे. फुडं पानी जाणार कसं?" मग उठले, बिरदेवची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चल लेका. सावकाश चल."

मिरजेला ऑपरेशन झालं. त्या वर्षीचं भरतीचं मैदान हुकलं. बिरदेवने एकदा विचारलं, "चहाला येणार का?" मी म्हणाले, "पट्ट्या निघेपर्यंत तुम्ही पेशंट." पट्ट्या निघाल्या त्या दिवसापासून माझ्या फोनवर रोज एकच ओळ यायला लागली. आज चाललो. आज एक फेरी. आज तीन, आन पोटरी गप. चौथीचं मात्र काही येईना. विचारलं तर उत्तर आलं : 'चौथी समोर पळून दाखवीन. सोमवारी स्टँडवर हाय.'

सोमवारी तो कोपऱ्यात उभा दिसला. मी डबा बाकावर ठेवला, गाडीत चढले आणि खिडकीशी बसले.

फाटक गेलं. वळण गेलं. तो डबा घेऊन धावतच होता. लांब, मोकळी पावलं, एकही लंगडं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. उभाच.

"डबा हलका लागतोय आज. वास बी न्हाई."

"उघडून बघा."

त्याने झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे...

"म्हंजे इसरला न्हाई तुमी."

"या वेळी नाही. विसरले होते दोनदाच. एकदा डबा, एकदा 'सोडा' म्हणायला."

त्याचा हात खिडकीच्या गजावर होता. मी त्यावर माझा ठेवला. त्याने बोटं वळवून माझी बोटं धरली, घट्ट, त्या फळीसारखी.

"मग आता बी म्हणू नका," तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. "ओ ताई," कंडक्टर वैतागला, "बसायचंय का उतरायचंय?"

पुढची गाडी अर्ध्या तासाने होती. मी उतरले.