कुकरच्या तीन शिट्ट्या

झाडाच्या शेंड्यावर कुकरची शिट्टी झाली.

पहिली झाली तेव्हा इराला वाटले, भास झाला. दुसरी झाली तेव्हा ती हातातला झाडू टाकून स्वयंपाकघराकडे पळाली. कुकर फळीवर होता, थंडगार, झाकण उघडे. तेवढ्यात बाहेर तिसरी शिट्टी झाली आणि पाठोपाठ शेगडीचा खटका बंद केल्यासारखे ‘खट्’ ऐकू आले. आता तुम्हीच सांगा, चहूकडून समुद्र असलेल्या आरुनी बेटावर, एवढ्या उंच झाडावर चढून वरणभात कोण लावत असेल?

इरा शेवडे कराडची. त्या काळात आठवीचे वर्ष शाळेऐवजी जगातल्या एखाद्या निसर्गतळावर (रानात राहून रानाचा अभ्यास करण्याचे ठिकाण) काढता येत असे. कोणी बर्फात जाई, कोणी वाळवंटात. इराच्या वाट्याला हे बेट आले. निघताना आईने सामानात कुकर कोंबला. “तिकडे काय पाला खाऊन राहणार आहेस?” इराने नाक मुरडले होते. पण तळावर पहिल्यांदा वरणभात झाला आणि देशोदेशीची मुले बोटे चाटत बसली. तेव्हापासून दुपारी तीन शिट्ट्या झाल्या की सगळे ताटे घेऊन हजर. जेवणाची घंटा गंजून गेली.

“डब्या, वर कोण आहे रे?” इराने विचारले.

डबा म्हणजे तळावरचा यंत्रमानव. अंग चौकोनी, डोक्यावर कडी, म्हणून इराने ठेवलेले नाव. जंगलातले आवाज टिपणे हे त्याचे काम. खोटे बोलणे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

“पिटू,” डबा म्हणाला. “आज तो पहिल्यांदा पूर्ण गाणं गायला.”

मुले पोट धरून हसली. इराही हसली. फक्त तळप्रमुख सेलूआजी हसल्या नाहीत. त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञ पायरीवर मटकन खाली बसल्या.

पिटू हा लोरू पक्षी. लोरू या बेटाखेरीज कुठेच नव्हते. जहाजांतून आलेल्या उंदरांनी त्यांची अंडी खाऊन टाकली होती. मोजक्या माद्या उरल्या होत्या आणि गाणारा नर एकच. दरीपलीकडे राहणाऱ्या त्या म्हाताऱ्या नराला इरा गवईबुवा म्हणायची. पिटू त्यांचेच पिल्लू. उंदरांच्या हल्ल्यातून तेवढाच वाचला, म्हणून तळावर वाढवला. नुकत्याच झालेल्या वादळात बुवा मेले. आता लोरूचे गाणे पुढे न्यायला पिटू एकटाच होता, आणि तो कुकर गात होता.

त्याच दुपारी एक मादी आली आणि शेजारच्या फांदीवर बसली. पिटूने गळ्याची निळी पिसे फुलवली आणि जीव ओतून तीन शिट्ट्या दिल्या. मादीने मान तिरकी करून ऐकले. मग ती उडून गेली. पिटूने मागाहून ‘खट्’ केले. या वेळी कोणीही हसले नाही.

“आजी,” इरा म्हणाली, “कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं. तरी मोठं झाल्यावर ते काव काव करत नाही, कुहूच करतं. मग पिटूचंच असं का झालं?”

“चांगलं विचारलंस.” सेलूआजींचे बोलणे इराला कानातल्या दुभाष्यातून (एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगणारे यंत्र) मराठीत ऐकू येई. “काही पक्ष्यांचं गाणं उपजत असतं, म्हणजे जन्मासोबत आलेलं. कोकीळ त्यातला. त्याला शिकवावं लागत नाही. काहींना मात्र गाणं शिकावं लागतं. तू मराठी बोलतेस, ती काय पोटातून घेऊन आलीस?”

“छे! घरातल्यांचं ऐकून आली.”

“लोरूचंही तसंच. तो बापाचं ऐकून शिकतो.”

“मग डब्याने टिपलेलं बुवांचं गाणं ऐकवा ना त्याला!”

उत्तर डब्याने दिले. “पिटू बोबडं गायला लागला, त्या दिवसापासून रोज ऐकवतोय. उपयोग झाला नाही. उशीर झाला होता.”

“तान्हं बाळ बोलायच्या कितीतरी आधी नुसतं ऐकत असतं की नाही?” आजी हळू आवाजात म्हणाल्या. “पिल्लाचाही तसा श्रवणकाळ असतो, गाणं ऐकून मनात साठवायचा काळ. तो संपला की दार बंद. नंतर पक्षी गातो ते साठवलेलंच गातो. पिटू गप्प होता, म्हणून मला वाटलं, अजून वेळ आहे. अगं, तो गप्प होता तेव्हाच तर शिकत होता! आणि ऊब मिळावी म्हणून त्याची पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीला मीच लावायला सांगितली.”

इराला रडूच फुटले. ती कुकर उचलून तडक कड्याकडे निघाली. आजींनी धापा टाकत तिला गाठले.

“समुद्रात टाकलास म्हणून तो पिटूच्या कानातून निघणार आहे का?”

“मग मी काय करू?”

“बुवांच्या मागे दुसऱ्या घरट्यात दोन अंडी राहिलीत. वादळानंतर आपण ती ऊबपेटीत ठेवली आहेत. पिल्लं आता येतीलच. त्यांचे कान अजून कोरे आहेत, इरा.”

ऊबपेटी टेकडीपलीकडच्या झोपडीत हलवली. तिथे बोलायचे नाही, खोकायचेसुद्धा नाही. पिल्लांना भरवायचे काम इराने मागून घेतले. एरवी ही मुलगी झोपेतही बडबडायची. पण पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून हातात लोरूच्या डोक्यासारखा दिसणारा हातमोजा चढवून ती मुकाट्याने घास भरवू लागली. भिंतीआडून डबा बुवांचे गाणे ऐकवायचा. पिल्ले काहीच गात नसत, नुसती ऐकत. आता इराला कळत होते की हेच तर शिकणे.

कुकर फळीवर गेला. भात पातेल्यात शिजू लागला, कधी कच्चा तर कधी करपलेला. पिटू मात्र रोज जेवणाच्या वेळी खिडकीशी यायचा. तीन शिट्ट्या द्यायचा, ‘खट्’ करायचा आणि उत्तराची वाट बघायचा. माद्या त्याच्याकडे फिरकेनाशा झाल्या होत्या. इराला त्याच्याकडे बघवत नसे. ती खिडकीकडे पाठ करून जेवायची.

वर्ष सरले. निघायच्या दिवशी दुपारी डबा टेकडीवरून धडधडत खाली आला. “ऐका,” म्हणून त्याने झोपडीत टिपलेला आवाज लावला. एका पिल्लाचा चिरका, बोबडा गळा. बुवांचे पहिले दोन सूर लागले, तिसरा घसरला.

सेलूआजींनी पदराने पुसावेत तसे शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. “सूर कच्चा आहे. पण घराणं बुवांचंच आहे.”

इरा आनंदाने उडी मारणार, तोच खिडकीबाहेर शिट्टी झाली. पिटू आला होता. हे गाणे पुढे जाईल, पिल्लाची पिल्ले शिकतील, पण पिटूला मात्र कोणी उत्तर देणार नव्हते.

“कुकर लाव,” आजी म्हणाल्या.

“आजी?”

“टेकडीपलीकडे आवाज पोचत नाही, डब्याने तपासलंय. आणि पिटूचं शिकणं तर संपलंच आहे. आता त्याचं काही बिघडणार नाही.”

इराने डाळ-तांदूळ धुतले. कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि पिटू उडत खिडकीच्या कठड्यावर येऊन बसला. गळ्याची सगळी पिसे फुलली. त्याने शिट्टी दिली. कुकरने दुसरी दिली. पिटूने दिली. असे तीनदा झाले. जन्मात पहिल्यांदा त्याच्या गाण्याला कोणीतरी गाण्याने उत्तर देत होते.

इराने शेगडी बंद केली. खट्.

पिटूनेही केले, खट्. मग मान तिरकी करून तो कुकरकडे बघत राहिला.

इराने शेगडी पुन्हा पेटवली.

“डाळीचा पार गाळ होईल,” डबा म्हणाला.

“होऊ दे,” इरा म्हणाली.