आधी कोण ठेवणार?

शेवटी त्या दोघांचं लग्न झालं. ही बातमी चुकून आधी सुटली. तुम्ही ती ऐकलीच नाही असं समजा.

तर ती ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कामाला, खिडकीजवळच्या टेबलाशी. नियम एकच: समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. तीन वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. "आमची मुलगी कुणाला तोडत नाही हो," आई आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची. "फक्त आपल्याला," बाबा पेपराआडून म्हणायचे.

त्या दुपारी एका आजोबांना रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेच आठवेना. आवाज रडवेला. तिने औषधमाहितीची हेल्पलाइन त्याच कॉलमध्ये जोडून घेतली.

"आजोबा, पाकिटावर वार छापलेत ना? आज बुधवार," पलीकडे एक बिनघाईचा, मऊ आवाज. "बुधवारचं घर बघा."

"रिकामं आहे रे!"

"म्हणजे घेतलीत. दुसरी नको. आता निवांत चहा घ्या."

"तो घेतला का, तेही आठवत नाही," असं म्हणत आजोबांनी हसून फोन ठेवला.

उरले दोघं.

"ठेवा ना," ती म्हणाली.

"तुम्ही ठेवा. आमच्याकडे नियम आहे..."

"आमच्याकडेही!"

"मी चार वर्षं पाळलाय."

"मी तीनच. पण मनापासून."

तो हसला — आणि तिच्या हेडफोनला उगाचच ऊब आली.

पन्नासाव्या मिनिटाला साहेबीणबाई टेबलाशी आल्या. "कोण आहे?"

"एक गरजू."

"गरज काय?"

"तेच विचारतेय..."

इतक्यात तिच्या लाइनवर टुक-टुक सुरू झालं. दुसरं कुणीतरी ताटकळत होतं. तिचा हात बटणाकडे गेला. "दुसरा कॉल आलाय..."

"थांबा, ताई... नाही, ताई नको," तो घाईने म्हणाला. "तुमची तीन वर्षं मोडू नका."

खट्.

चार वर्षं त्याने एका बोटाने मोडली होती. तिने ताठ बसून पुढचा कॉल घेतला. पण मान अशी काही उंच, जणू पदक तिलाच मिळालं होतं.

संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या दारात तोच आवाज, यावेळी चेहऱ्यासकट. हातात त्याच्या ऑफिसचा फॉर्म. "आधी फोन ठेवल्याचं कारण विचारलंय. काय लिहू?"

ती लाजली. मग त्याचंच पेन घेऊन तिने लिहिलं — 'पुन्हा लावायचा होता.'

खाली दोघांनी सह्या केल्या आणि एक ओळ जोडली: 'सदर कॉल अद्याप चालू आहे असे समजून, उभय कर्मचाऱ्यांपैकी कोणासही तो ठेवण्याची आजन्म सक्ती करू नये, ही नम्र विनंती.'