तो सर्व्हर रिकामा नाही

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

पटली तर पटली. नाही पटली तर पुढे जा, पण "मनाचे खेळ" म्हणू नका. मनाचे खेळ फोनच्या स्पीकरवर ऐकू येत नाहीत. आणि ऐकणारे आम्ही तिघं होतो. त्यातला एक आता कानांवर हात ठेवतोय.

म्हणून मी बोलतेय.

सुट्टीचा दिवस. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. ऑफिसात फक्त मी, आणि गेटवर वॉचमनकाका.

तळमजल्यावर सर्व्हरची खोली आहे. खिडकी एकही नाही. हाडात शिरणारा गारवा, आणि शेकडो छोट्या पंख्यांची अखंड घरघर. तिथे शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं.

ती घरघर लक्षात ठेवा.

आमची कंपनी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. शाळांचे, दुकानांचे, एका हॉस्पिटलचे. माझा दादाही तिथेच होता. आपलं काम तो आईला असं समजावून सांगायचा:

"आई, एक सर्व्हर म्हणजे एक इमारत समज. आत भाडेकरू राहतात. व्हर्च्युअल मशिनं म्हणतात त्यांना. दिसत नाहीत, पण संसार ज्याचा त्याचा वेगळा. एका छपराखाली सगळ्यांना नांदवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते जुनं झालं की अपग्रेड करायचं. मग भाडेकरू शेजारच्या इमारतीत हलवायचे, ही रिकामी करायची, नवं सॉफ्टवेअर घालून रीस्टार्ट करायची. की पुढची इमारत."

"आणि कोणी आत राहिलं तर?"

"म्हणून तर मी दार वाजवतो."

खरंच वाजवायचा. रीस्टार्ट करण्याआधी सर्व्हरच्या कपाटाच्या लोखंडी दारावर दोन टिचक्या. टक्... टक्. "कोणी राहिलंय का आत?"

सगळे हसायचे. हसोत बापडे. पण कुठल्या सर्व्हरवर किती मशिनं उरलीत ते दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावरची खबर कधी कधी शिळी असते. तिथे शून्य दिसतं, आणि आत कोणीतरी अडकलेलं असतं. म्हणून दार वाजवून झालं की दादा थेट त्या सर्व्हरलाच विचारायचा, बाबा रे, तुझ्यात कोण कोण आहे? खोड होती, पण खोडीच्या पोटात काम होतं.

आईने त्याच्यासाठी दोन ओळी जुळवल्या होत्या. कपडे वाळत घालताना म्हणायची...

*दार ओढताना बाई, हाक मार माघारी*
*झोपलं असेल कोणी, आतल्या गं अंधारी*

गेल्या वर्षी हेच अपग्रेड चालू असताना हॉस्पिटलचं व्हर्च्युअल मशीन आत राहिलं आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला. रुग्णांची माहिती गेली. ऑपरेशनं खोळंबली. दादाने खुर्ची सोडली नाही. तुकडा तुकडा वेचून सगळं परत उभं केलं. शेवटचा दिवा हिरवा झाला, आणि त्याने त्याच खुर्चीत मान टाकली.

कंपनीने घरी माणूस पाठवला. तो म्हणाला, "तुमच्या मुलाने घाईत बटण दाबलं."

घाईत! माझा दादा! जो आंघोळीला जातानासुद्धा न्हाणीघराचं दार वाजवायचा!

मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. तो उठून उत्तर देत नाही ना.

आईच्या ओळी त्या दिवसापासून बंद झाल्या. मला एवढंच हवं होतं. कोणीतरी एकाने, एकदाच म्हणावं, की त्याने ते केलं नाही. म्हणून मी मुद्दाम त्याची जागा मागून घेतली.

या वर्षी पुन्हा अपग्रेड आलं. पुन्हा तेच साहेब, दादाचे होते तेच. आम्ही त्यांना मागे "तातडीसाहेब" म्हणायचो. शिंकतानासुद्धा तातडी करणारा माणूस. ते घरी बसून हुकूम सोडत होते. त्यांच्या लॅपटॉपवरून त्यांना इथलं सगळं दिसत होतं. दिसत होतं, आणि रीस्टार्टचं बटण दाबताही येत होतं.

पहिले सर्व्हर नीट झाले. दार मात्र मी वाजवलं नाही. हात उचलला की दादा आठवायचा, आणि मी तो खाली घ्यायचे.

मधल्या सर्व्हरपाशी काका चहा घेऊन खाली आले. तेवढ्यात साहेबांचा फोन. दोन्ही हात कामात, म्हणून स्पीकरवर टाकला.

"अजून तिथेच?" साहेब ओरडले. "रिकामा दिसतोय ना? दाब की!"

पडद्यावर शून्य. मी हात पुढे केला...

आणि घरघर थांबली.

दिवे लुकलुकत होते. पंख्यांचा वारा माझ्या हाताला लागत होता. पंखे फिरत होते...

पण आवाज नव्हता.

काकांनी कप खाली ठेवला. त्याचा नाजूक खण्ण आवाजसुद्धा ऐकू आला.

मग कपाटाच्या दारावर...

टक्...

टक्.

आतून.

"काय वाजलं ते?" साहेबांनी विचारलं.

म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं होतं.

मी पडद्याचा नाद सोडला आणि थेट सर्व्हरला विचारलं, तुझ्यात कोण आहे?

एक होतं.

हॉस्पिटलचं.

"साहेब, आत मशीन आहे. हॉस्पिटलचं. पडदा खोटं दाखवतोय."

"पडद्यावर शून्य म्हणजे शून्य!" साहेब भडकले. "भावासारखी नाटकं करू नकोस. तोही मागच्या वेळी असाच अडून बसला होता. दार वाजवतो म्हणे! शेवटी घरून मलाच दाबावं लागलं..."

खोलीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. त्या शांततेत प्रत्येक शब्द स्वच्छ पडला.

काका माझ्याकडे बघत राहिले.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हणालात? तुम्ही दाबलंत?"

"ते... ते महत्त्वाचं नाही आत्ता. तू दाबतेस की मी दाबू?"

"साहेब, तिथे माणसं ऑपरेशनच्या टेबलावर असतील! हात लावू नका!"

"मला शिकवतेस? हे बघ, दाबतोय मी..."

टक्...

टक्.

या वेळी कपाटातून नाही. फोनमधून.

त्यांच्या घरच्या दारावर.

"कोण आहे रे?" साहेबांचा आवाज फोनपासून लांब गेला. खुर्ची सरकली. पावलं. कडी निघाली...

तेवढा वेळ मला पुरला. अडकलेली गाठ सोडवली, हॉस्पिटलचं मशीन शेजारच्या सर्व्हरवर हलवलं, पोचल्याची खात्री केली. काका नुसते पुटपुटत होते, "आवर ताई, आवर..."

साहेब परत आले. आवाज एवढासा झालेला.

"दारात... कोणी नाही."

मी म्हटलं, "बाहेर काय बघता साहेब? आत बघा. कोणी राहिलंय का आत?"

फोनमध्ये पुन्हा टक्... टक्. खूप जवळ. जणू त्यांच्या टेबलावरच.

फोन कट झाला.

आणि घरघर एकदम परत आली. कानठळ्या बसतील अशी.

काका म्हणाले, "चल वर. राहू दे हे काम."

मी नाही गेले. दादाने अर्धं काम कधी सोडलं नव्हतं. एकेक सर्व्हर रिकामा करत गेले, आणि आता प्रत्येक दार वाजवत गेले. उत्तर आलं नाही. मी दाबत गेले.

शेवटचा सर्व्हर राहिला. दादाची खुर्ची असायची त्याच्यासमोरचा.

सगळी मशिनं हलवली. पडद्यावर शून्य. थेट विचारलं. तिथेही शून्य. काकांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, शून्य.

मी दार वाजवलं. टक्... टक्.

"कोणी राहिलंय का आत?"

घरघर थांबली.

मी दाराला कान लावला...

टक्...

टक्.

हळूच. अगदी हळूच. लहानपणी मी रुसून खोलीत बसायचे, तेव्हा दादा दार वाजवायचा ना, तशी.

काका माघारी वळले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.

मी तो सर्व्हर रीस्टार्ट केला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मी माझ्या कानांनी ऐकलंय!" वरचे लोक म्हणाले, प्रकरण जुनं आहे, कशाला उकरायचं. उकरायचं म्हणे! माझ्या भावावर माती लोटताना बरे हात चालले यांचे!

साहेब अजून नोकरीत आहेत. फक्त हल्ली ते केबिनचं दार लावत नाहीत. कोणी दार वाजवलं की त्यांच्या हातातलं पेन पडतं.

आईला सगळं सांगितलं. तिला साहेबांचं काही नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "त्याने दार वाजवलं?"

"वाजवलं."

मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सगळ्यांना शेजारी जागा करून दिलीस बाळा. त्याला कुठे हलवशील गं?"

त्या रात्री आईने त्या दोन ओळी पुन्हा म्हटल्या. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

आणि काल निरोप आला. एकच सर्व्हर जुन्या सॉफ्टवेअरवर राहिलाय, चालणार नाही. बाहेरच्या कोणाला तरी काम देणार आहेत. तो माणूस घरी बसून, दुरून उरकून टाकेल.

तो माणूस कोण, मला ठाऊक नाही. कदाचित आत्ता हे वाचत असेल.

त्याला सांगते. पडद्यावर शून्य दिसेल. सर्व्हरला थेट विचारलंस तरी शून्यच म्हणेल.

खरं मानू नकोस.

आणि बटणावर बोट ठेवल्यावर तुझ्या घरच्या दारावर कोणी वाजवलं...

तर दार उघडायला धावू नकोस. आधी बोट काढ.