टेकाडावरचे रविवार

आर्णीकडच्या धरणात एक खडकाळ टेकाड सोंडेसारखं शिरलं होतं. ऑक्टोबरात परदेशी बदकं तिथं उतरतात असं ऐकून गुंजन एका रविवारी यवतमाळहून एकटीच आली. दुर्बीण लावून उभी राहिली, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, खाली बसा. उभ्यानं पाहाल तर सारे उडून जातीन."

राजदीप पलीकडच्या गावचा, आपल्या कपाशीतून तसाच उठून आलेला. दुर्बिणीशिवाय, नुसत्या उडण्यावरून तो पक्षी ओळखायचा. ती पुस्तकातली नावं सांगायची, तो गावातली... त्यावरून लटकी भांडणं व्हायची, आणि तिची परतीची बस हमखास चुकायची.

तिसऱ्या रविवारी घारीपेक्षा मोठा, काळाभोर, कात्रीसारख्या शेपटीचा एक पक्षी वाऱ्यावर तरंगत आला. गुंजनचा श्वासच अडकला. तो फ्रिगेट होता—भर समुद्रावरचा, वादळानं इतक्या आत भिरकावलेला. भान आलं तेव्हा राजदीपचं मनगट तिच्या मुठीत होतं. त्यानंही ते सोडवून घेतलं नाही.

चौथ्या रविवारी तो आलाच नाही.

सोमवारी ती यवतमाळच्या दवाखान्यात, वॉर्डात ड्यूटीवर गेली. त्या हंगामात फवारणीचं विष भिनलेली माणसं रोज भरती होत होती. कोपऱ्यातल्या खाटेवर राजदीप होता, कपाशी फवारता फवारता कोसळलेला. डोळे उघडे होते, तिच्याकडेच वळलेले, आणि त्याला ती दिसत नव्हती. गुंजन धावतच खाटेशी आली. आपण नर्स आहोत हे तिनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं हाक मारली, तसा तोही दचकला.

आठवडाभर ती त्याच्या खाटेशी होती. नजर कितपत परत येईल, ते डॉक्टरही सांगत नव्हते. शनिवारी राजदीप म्हणाला, "उद्या टेकाडावर जा तुम्ही. माही वाट नका पाहू आता."

"एकटी नाही जाणार." तिचा आवाज अगदी शांत होता. "तुम्हाला हात धरून नेईन. काय उडालं ते सांगेन... जन्मभर सांगेन. चालेल?"

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग त्याचं बोट सरळ तिच्या गालावर आलं.

"कायले रडून राह्यल्या?"

गुंजन थिजली. तिनं साधा हुंदकाही दिला नव्हता. "तुम्हाला... कसं कळलं?"

"धुरकट हाय, पन दिसून राह्यलं." त्यानं तिचा गाल पुसला. "चालन."