सदतीस अंश

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रात वच्छलाबाई नर्स होत्या. हिवाळ्यात तिथे नवजात बाळं गारठून दगावायची. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवायला बल्बची पेटी होती, पण वीज भरदुपारीही जायची. शेगडी पेटवली तर खोलीभर धूर.

एकोणनव्वद सालच्या थंडीत पुना अहिरे सर तिथे ट्रंकभर रबरी पिशव्या घेऊन आले. ते धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

"यात काय भरलंय, सर?"

"ऊन," सर म्हणाले.

उन्हाची उष्णता थोडक्या जागेत साठवायची, या एका ध्यासात सरांनी उमेदीची वर्षं घातली होती. मेण वापरून पाहिलं, ते उष्णता फार सावकाश सोडायचं. मग एक मीठ वापरलं, पण चार वेळा वितळलं की त्याचे थर वेगळे व्हायचे आणि ऊब निम्म्यावर यायची. शेवटी त्यांनी ॲसिटेटच्या मिठात खळ घालून ते एकजीव केलं. सौरचुलीत वितळवलं की ते थंड होऊनही पातळच राहायचं, उष्णता पोटात धरून. आतली पोलादी चकती दाबली की क्षणात गोठायचं आणि तापायचं.

पहिली चकती वच्छलाबाईंनीच दाबली. पिशवी दुपट्यात गुंडाळून त्यांनी एका बाळाच्या पाठीशी ठेवली. तासाभरात त्याची निळी नखं गुलाबी झाली. बाईंना सरांच्या पाया पडावंसं वाटलं. त्या हिवाळ्यात बाळांमागून बाळं जगली.

बेबाबाईची सातव्या महिन्यात झालेली मुलगी मात्र राहिली नाही. दुपारी ऊन अंगणात असतानाच गेली. बाईंनी तिच्याखालची पिशवी काढून फळीवर ठेवली.

संध्याकाळी ती गरम होती. दुसऱ्या दिवशीही.

बाईंनी सरांना निरोप धाडला. सर आले. मीठ गोठताना अठ्ठावन्न अंशांवर यायचं आणि मग निवत जायचं. ही पिशवी सदतीसवर थांबली होती. सरांनी थर्मामीटर बदलून पाहिला. पिशवी विहिरीच्या पाण्यात बुडवली. बाहेर काढली, पुसली, थोड्या वेळाने पुन्हा सदतीस.

"काहीतरी चुकतंय माझं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आदर होता. बाईंना ते फार आवडलं.

वैशाखात बाहेर त्रेचाळीस अंश झाले. सगळं गाव उकाड्याने हैराण होतं. पिशवी तेव्हाही सदतीसच. हाताला गार लागायची, आणि रबर बाहेरून ओलसर व्हायचं. सरांनी शिवण तपासली, कुठे गळत नव्हतं.

मग बाळांच्या काट्यावर वजन केलं. वाढलं होतं.

"कापून पाहायची?" बाईंनी विचारलं.

सरांनी कात्री हातात घेतली. टोक रबराला टेकवलं. मग कात्री ट्रेमध्ये ठेवून दिली.

आषाढात एका सकाळी पिशवीचा पारा अडतीसच्या वर गेला. असं कधी झालं नव्हतं. सर म्हणाले, धुळ्याला प्रयोगशाळेत नेऊ. बाईही निघाल्या. एसटीत सरांनी ती दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतली. वारा गार होता.

साक्रीला एक म्हातारी चढली आणि त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसली. तिची नजर सरांच्या मांडीवर गेली.

"भाऊ, पोरनी मान लोंबी राहिनी. मनाजोडे द्या."

सर काही बोलण्याआधीच तिने ते गाठोडं घेतलं. दुपटं बाजूला सारून आत पाहिलं. म्हातारी दचकली नाही. तिने करंगळी आत घातली, हिरड्या चाचपाव्यात तशी हळूच फिरवली आणि हसली.

"दात ई राह्यनात," ती म्हणाली. "म्हनीसन आंग तपेल शे."

बाईंनी सरांकडे पाहिलं. ते उठले, म्हातारीच्या पलीकडे हात लांबवला आणि खिडकीची काच लावून घेतली.