येऊ दे

बसा, पण आधी त्या न्हाणीघराचं दार लावून घ्या. का ते कळेल. आणि मध्येच हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो चष्मेवाला माझ्या पक्क्या ओळखीचा. रचून सांगायला डोकं लागतं, आणि ते त्याच्याकडे बेताचंच.

एका रांगेत तीन घरं. रस्त्याच्या बाजूला बेकरीवाला, मध्ये हा, आणि टोकाला मास्तरीणबाई. मागच्या बोळीतून तिघांची मिळून सांडपाण्याची एकच लाइन. बाईंचं पाणी ह्याच्या चेंबरमध्ये यायचं, तिथून बेकरीवाल्याच्या, आणि मग रस्त्याला. लाइन तुंबली की खर्च तिघांनी वाटून घ्यायचा, असं ठरलेलं. पण आदल्या वर्षी बाई वारल्या, घराला कुलूप लागलं, आणि त्यांच्या पुतण्याने फोनवरच हात वर केले. म्हणे, बंद घरातून पाणी येतच नाही, तर वाटा कसला? बेकरीवाला म्हणाला, मग मीच काय घोडं मारलंय? चष्मेवाला म्हणाला, थांबू, पुतण्या येईल वठणीवर. ह्या घोळात प्लंबरला कोणी बोलावलंच नाही. लाइनला काय, तिला कोणाच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं.

मार्चातला दुसरा शनिवार. रात्री साडेअकराच्या सुमाराला चष्मेवाल्याच्या न्हाणीघरातलं काळं पाणी उंबरा ओलांडून आतल्या खोलीत शिरलं. त्या खोलीत त्याची लेक झोपली होती. चार वर्षांची छकुली, तापाने फणफणलेली. लग्नानंतर किती वर्षांनी झालेलं एकुलतं एक लेकरू, तिला साधी शिंक आली तरी हा डॉक्टरकडे धावायचा. आता तर पाणी तिच्या गादीपाशी पोचलं होतं. बायको खराट्याने ते मागे लोटत होती आणि ते परत येत होतं. हा तसाच बेकरीवाल्याकडे धावला. म्हणाला, दादा, हिशेब मग बघू, आधी चल.

बेकरीवाल्याला पहाटेच्या पावासाठी जागायची सवय, आणि त्याच्याकडे बांबूची एक लांब कामटी होती. दोघांनी काम वाटून घेतलं. बेकरीवाला आपल्या चेंबरमधून कामटी वर सारणार, आणि हा आपल्या चेंबरपाशी बसून ती येते का बघणार. बोळ मध्ये वळते, त्यामुळे एकमेकांना दिसायची सोय नाही, नुसती हाकेची. म्हणून ह्या धंद्यात एक रीत आहे. वरचा माणूस ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत राहतो, आणि टोक हाताला लागलं की ‘बास’. पण मुरलेले लोक आणखी एक पाळतात. समोरून ‘सोडली’, म्हणजे कामटी आत घातली, असं ऐकल्याशिवाय वरचा तोंड उघडत नाही. हे ह्याला कोण सांगणार? ह्याचा सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा पुसण्यात गेलेला.

चेंबरचं झाकण उघडलं तर आत काठोकाठ काळं पाणी. पाइपांची तोंडं पाण्याखाली, दिसत नव्हती. हा बॅटरी बाजूला ठेवून उकिडवा बसला. बोळीत चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने पाइपातून आवाज आला.

खरड... खरड...

चष्मेवाल्याला हायसं वाटलं. तो चेंबरमध्ये वाकून म्हणाला, "येऊ दे."

आवाज थांबला. जणू कोणी कान दिलाय.

"येऊ दे, येऊ दे," हा मोठ्याने म्हणाला.

खरड, खरड, खरड. आता घाईघाईने.

आणि मग त्याला मास्तरीणबाई आठवल्या. आठवायचं काही कारण नव्हतं. बाई एकट्या राहायच्या, त्यांना लेकरांचा फार लळा. आपली लांब पांढरी वेणी पुढे घेऊन ह्याच बोळीत उभ्या राहून रोज एकच बोलायच्या, छकुलीला जरा येऊ दे की माझ्याकडे. बाईंच्या घरात ओल फार, पोर आजारी पडेल, ही ह्याची भीती. हा म्हणायचा, उद्या पाठवतो. तो उद्या काही उजाडला नाही, आणि बाई गेल्या. ह्याला वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

त्याने बाही वर करून हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत. चाचपत राहिला. बोटांना काहीतरी लागलं. बारीक, टोकदार, कामटीसारखं. हा ‘बास’ म्हणणार, एवढ्यात... त्या टोकाने ह्याच्या तळव्यावरून हळूच चाचपून पाहिलं.

ह्याने हात ओढला.

मागून पावलं वाजली. बेकरीवाला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कामटी. कोरडी.

"सेल संपले होते, घरात शोधत होतो," तो म्हणाला. "मी अजून घातलीच नाही आत. कोणाला येऊ दे म्हणतोयस?"

चष्मेवाल्याने नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

दोघंही पाण्याकडे बघत राहिले. आवाज आता जवळ होता. अगदी पायाशी. टोकाच्या घराकडून आलेला. बंद घराकडून. तो चेंबरमध्ये आला... थांबला... आणि वळला. चष्मेवाल्याच्या घराकडे जाणाऱ्या पाइपात.

खरड... खरड... लांब.

मग पाण्याने एकदम घोट घेतला. सगळं पाणी खाली गेलं. चेंबर रिकामं. स्वच्छ.

मागचं दार उघडलं आणि चष्मेवाल्याची बायको आनंदाने बाहेर आली. "अहो, उतरलं पाणी. सगळं उतरलं."

"छकुली कुठंय?" ह्याने विचारलं.

"आत. झोपलीय."

"एकटी?"

बायकोला कळेना, असं काय विचारतो. हा तिला ढकलूनच आत पळाला.

खोलीत दिवा चालू होता. फरशी ओली होती, पण घाण नव्हती. न्हाणीघराच्या मोरीवरची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. छकुली गादीवर कुशीवर झोपलेली. भिंतीकडे तोंड करून. ह्याने कपाळाला हात लावला. ताप नव्हता. श्वास नीट चालू होता. हा तिथेच बसून रडायला लागला.

बायको मागून आली. लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला वाकली. आणि तशीच थांबली.

"अहो..." ती म्हणाली. "हिची वेणी तुम्ही घातलीत?"

ह्याला वेणी घालता येत नाही. आणि तापात डोकं हलकं राहावं म्हणून बायकोने आदल्याच दिवशी छकुलीचे केस मानेपर्यंत कापले होते.

वेणी कमरेपर्यंत आली होती. घट्ट. ओली.

मानेपर्यंत काळी. तिथून खाली... पांढरी.